बँड घट्ट, तरी वजन अडलेले : नागपूरमधील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

२०१५ च्या फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात येऊ लागली होती त्या दिवसांत, महाल भागात राहणाऱ्या एक शिक्षिका आमच्याकडे आहारसल्ल्यासाठी आल्या. वय ४६ वर्षे, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. तेरा महिन्यांपूर्वी, जानेवारी २०१४ मध्ये, दुसऱ्या शहरातील एका रुग्णालयात वजन कमी करण्यासाठी त्यांच्या जठरावर गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराला आवळणारे कडे, बसवण्यात आला होता. त्या वेळी वजन १०४ किलो होते. पहिल्या आठ महिन्यांत १८ किलो उतरले आणि सप्टेंबरपासून काटा जागचा हलला नव्हता. खुर्चीवर बसताच त्या म्हणाल्या, "मॅडम, मी तर काहीच खाऊन नाही राहिले, तरी वजन कमी होऊन नाही राहिलं. बँड ढिला झाला असेल. सर्जनना सांगून अजून थोडा कसून घ्यायचा का?"

त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील येथे बदलले आहेत. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, 'काही खात नाही' आणि 'वजन उतरत नाही' ही त्यांची दोन्ही विधाने त्यांच्या दृष्टीने खरी होती, मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष नेमका उलटा होता.

बँडची रचना

बँड म्हणजे आतल्या बाजूला फुगा असलेले सिलिकॉनचे कडे. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली ते जठराभोवती बसवतात, त्यामुळे वर दोन-तीन चमचे मावतील एवढीच छोटी पिशवी तयार होते. कड्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या स्नायूवर, त्वचेखाली शिवलेल्या पोर्टला जोडलेली असते. या पोर्टमध्ये विशिष्ट सुईने सलाईन भरले की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते, काढले की वाट मोकळी होते. अमेरिकेत कुझ्मॅक यांनी १९८६ मध्ये असा कमी-जास्त करता येणारा बँड प्रथम वापरला, १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पुढे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणे) आणि बायपास (जठराचा बराच भाग वगळून अन्न पुढच्या आतड्यात वळवणे) या शस्त्रक्रियांनी त्याची जागा बव्हंशी घेतली, परंतु बँड बसवलेले रुग्ण आजही आपल्यात आहेत आणि त्यांचे प्रश्न स्लीव्हच्या रुग्णांहून वेगळे आहेत.

वेगळे अशासाठी की बँडमध्ये जठराचा कोणताही भाग कापून काढला जात नाही. स्लीव्हमध्ये जठराच्या वरच्या फुगीर भागाबरोबर भुकेचे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्साही जातो. बँडमध्ये तसे काही घडत नाही. घन अन्नाचा छोटा घास बँडच्या वर क्षणभर थांबतो, तिथल्या भिंतीवर दाब पडतो आणि तो दाब मज्जातंतूंमार्फत 'पुरे' असा निरोप मेंदूला पोहोचवतो. बँडचे काम मुख्यतः एवढेच. हा निरोप घन अन्नच देते. चहा, रस, खीर, विरघळलेले बिस्किट हे सारे बँडमधून न थांबता खाली उतरते आणि निरोप काही जात नाही.

आधी काय घडले होते

या बाईंचा बँड सुमारे दहा मिलीलीटर क्षमतेचा होता. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाईन भरले गेले आणि जून २०१४ पर्यंत टप्प्याटप्प्याने ते सहा मिलीलीटरवर आणले गेले. सहा मिलीलीटरवर त्या अर्धी वाटी उसळ आणि पाव भाकर खाऊन चार तास निवांत राहत असत, असे त्यांनीच सांगितले. मग आले ऑगस्टअखेरचे आणि सप्टेंबरचे सण. पोळा, तान्हा पोळा, गणपती, आणि घरी बसवलेल्या महालक्ष्म्या. पुरणपोळी त्यांना जात नव्हती, परंतु पुरण चमच्याने जात होते. सप्टेंबरात वजन उतरले नाही. पुढच्या महिन्यातही उतरले नाही.

अशा वेळी चार-सहा आठवडे थांबून वाट पाहिली असती तरी चालले असते. वजन १८ किलोंनी घटल्यावर शरीराचा खर्चही घटतो, हे येथे आकड्यांतच पाहावे. मिफ्लिन-सेंट जोर या प्रचलित सूत्राने विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांची गरज १०४ किलोला रोज १,६२९ कॅलरी होती आणि ८६ किलोला १,४४४. बैठ्या दिनक्रमासाठी हे आकडे १.२ ने गुणले तर अनुक्रमे सुमारे १,९५५ आणि १,७३३ येतात. म्हणजे काहीही न बदलता रोजची सुमारे २२० कॅलरींची तफावत आपोआप बुजली होती, आणि वजन घटल्यावर शरीर या हिशेबाहूनही थोडी अधिक काटकसर करते ती निराळीच. येथे वेग मंदावणे स्वाभाविक होते. त्याला आजार समजायचे कारण नव्हते.

परंतु घरचे अस्वस्थ झाले. खर्च मोठा झाला होता, आणि यजमानांनी नातेवाइकांचा विरोध पत्करून शस्त्रक्रियेला होकार दिला होता. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एक मिलीलीटर आणि डिसेंबरमध्ये आणखी अर्धा मिलीलीटर सलाईन भरून घेण्यात आले. दोन्ही वेळा विचारले गेले ते इतकेच की भूक लागते का, वजन उतरते का. काय खाल्ले जाते हे विचारल्याची नोंद कागदपत्रांत कुठेही आढळली नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दोष वाटतो, आणि तो एखाद्या रुग्णालयापुरता मर्यादित नाही: भरण्याची भेट दहा मिनिटांत उरकते, जेवणाची चौकशी करायला पाऊण तास लागतो.

जेवणाची नोंद

आम्ही त्यांना सात दिवसांची वही लिहायला सांगितली, आणि त्यात पाणी सोडून तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ, वेळ, प्रमाण आणि 'अडकले की नाही' हे चार रकाने ठेवले. चौथा रकाना नेहमीच्या आहारवहीत नसतो. बँडच्या रुग्णात तो पहिल्या तिन्हींपेक्षा अधिक सांगतो.

पोळी सातही दिवस अडकली होती. भाकर त्यांनी डिसेंबरपासून खाल्लीच नव्हती. कोरडा भात, मटकीची उसळ, उकडलेले अंडे, सगळ्यांपुढे 'अडकले' किंवा 'उलटून पडले' असे लिहिलेले. आठवड्यातून चार वेळा जेवण उलटून आले होते आणि तीन रात्री खोकल्याने झोपमोड झाली होती. संत्र्याच्या फोडीदेखील जात नव्हत्या, कारण फोडीचे साल चिवट असते आणि ते घट्ट बँडच्या तोंडाशी जाऊन बसते. नागपूरच्या बाईला फेब्रुवारीत संत्रे खाता येऊ नये ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली, पण त्यामागचे दुःख लपत नव्हते. उपाय म्हणून घरात रोज रस निघू लागला होता, दिवसाला दोन ग्लास.

मग जात काय होते? दोन-दोन चमचे साखरेचा चार कप चहा, त्यात बुडवलेली सहा बिस्किटे, दोन ग्लास संत्र्याचा रस, तूप घालून मऊ कालवलेला एक वाटी वरण-भात, दुपारी एक ग्लास गोड लस्सी, संध्याकाळी एक वाटी शेवयांची खीर, झोपताना साखर घातलेले दूध. हिशेब केला तेव्हा साध्या दिवसाची बेरीज सुमारे १,५७० कॅलरी झाली. रविवारी तर्री-पोह्यांची नुसती तर्री आणि भिजलेला शेव, वर संत्रा बर्फी, असे करत ती २,१०० च्या वर गेली. आठवड्याची सरासरी १,६५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आताच्या गरजेइतकीच. प्रथिने मात्र दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम, जिथे शस्त्रक्रियेनंतर किमान ६० ग्रॅमची अपेक्षा असते.

'मी काहीच खात नाही' हे विधान आता समजून घेता येते. आपल्याकडे जेवण म्हणजे पोळी-भाजी, वरण-भात. चहा, रस, खीर यांना कुणी जेवण म्हणत नाही. जेवायला म्हणून त्या ताटावर बसत तेव्हा खरोखरच चार घासांपलीकडे जात नसे आणि अनेकदा तेही परत येत असे. सासूबाईंना ते पाहवत नसे. "तिला जात नाही बिचारीला," म्हणून त्या रोज खीर करून ठेवत. सासू-सुनेच्या नात्यात इतकी माया क्वचित दिसते, आणि रोजच्या सुमारे २२० कॅलरी त्या मायेच्याच वाटीतून येत होत्या.

एक वेगळे कारण

वहीत आणखी एक खूण होती. शाळेच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास 'बर्फी, घाबरल्यासारखे झाले' ही नोंद तीनदा आली होती. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. बाईंना आठ वर्षांपासून मधुमेह होता. मेटफॉर्मिनबरोबर त्या ग्लिमेपिराइड घेत होत्या, आणि १०४ किलोला ठरवलेला डोस ८६ किलोलाही तसाच चालू होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. खाणे कमी झाले तरी त्याचे काम थांबत नाही, मग साखर खाली येते, भूक उसळते आणि टेबलाच्या खणातली बर्फी बाहेर निघते. घरच्या ग्लुकोमीटरवर पुढच्या वेळी तपासायला सांगितले तेव्हा आकडा ६२ आला, म्हणजे साखर खरोखरच खाली गेलेली होती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ६.० होते, म्हणजे नियंत्रण उत्तम दिसत होते. त्या उत्तम आकड्यात हे खाली गेलेले क्षणही मिसळलेले होते, ही बाब कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्यांच्या फिजिशियनने ग्लिमेपिराइड बंद केले आणि मेटफॉर्मिन तेवढे ठेवले.

वजन अडलेल्या रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर पालथी करून पाहावी, असा आमचा शिरस्ता आहे. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडच्या जातीची औषधे, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, झोपेसाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेले अॅमिट्रिप्टिलिन, काही मानसोपचारातील औषधे, ही सारी वजन धरून ठेवतात किंवा वाढवतात. ती आपल्या मनाने थांबवायची नसतात, पण ती कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवीत.

तपासणी

सर्जननी पोर्टमधून सगळे सलाईन ओढून मोजले. ७.५ पैकी ७.४ मिलीलीटर निघाले, म्हणजे गळती नव्हती आणि 'बँड ढिला झाला' ही शंका तिथेच मिटली. ते परत भरून बेरियम (एक्स-रेत ठळक दिसणारे पेय) पाजून एक्स-रे काढला. बँडचा कण्याच्या रेषेशी असलेला कोन ४ ते ५८ अंशांच्या नेहमीच्या मर्यादेत होता, त्यामुळे बँड घसरलेला नव्हता. परंतु बेरियम बँडवर बराच वेळ साचून राहत होते आणि अन्ननलिकेचे खालचे टोक किंचित रुंदावलेले होते. एंडोस्कोपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) बँड जठराच्या भिंतीत रुतल्याचे चिन्ह नव्हते.

रक्तात थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.४ आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ९, दोन्ही कमी; बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही कमी. थकव्याचा उलगडा बराचसा येथे झाला. लोहाची गोळी अशा बँडमध्ये अडकते, म्हणून लोह पातळ औषधाच्या रूपात दिले आणि बी-१२ इंजेक्शनने. वारंवार उलट्या होत असल्याने बी-१ सुरू करायला सर्जननी विशेष सांगितले. याची कमतरता लवकर दिसत नाही आणि दिसते तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते.

सलाईन काढण्याचा निर्णय

निर्णय असा झाला की बँडमधून दीड मिलीलीटर सलाईन काढून तो पुन्हा सहावर आणायचा. हे ऐकल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या कसून घ्यायला आल्या होत्या आणि आम्ही ढिला करत होतो. यजमानांनी स्पष्टच विचारले की मग शस्त्रक्रियेचा उपयोग काय. त्यांना वही दाखवली आणि दोन याद्या शेजारी शेजारी मांडल्या: सहा मिलीलीटरवर जून महिन्यात काय खाल्ले जात होते आणि साडेसातवर आज काय खाल्ले जाते. जूनच्या यादीत उसळ, भाकर, अंडे होते. आजच्या यादीत चमच्याने खाण्यासारखे किंवा पेल्याने पिण्यासारखेच सारे. यजमानांनी वही दोनदा वाचली आणि पुढे काही विचारले नाही.

बँड किती घट्ट असावा याचा अंदाज घेताना बॅरिअॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या, वर्तुळात पिवळा, हिरवा आणि तांबडा असे तीन पट्टे सांगतात. पिवळ्यात भूक लवकर लागते, तिथे सलाईन वाढवतात. हिरव्यात छोट्या घन जेवणावर तीन-चार तास निभतात. तांबड्यात घास अडकतो, उलटतो, रात्री खोकला येतो, आणि माणूस नकळत मऊ व गोड पदार्थांकडे वळतो. वजन न उतरणे पिवळ्यातही असते आणि तांबड्यातही असते. निव्वळ काट्याकडे पाहून हा फरक कळत नाही, आणि तांबड्यातल्या रुग्णाला पिवळ्यातला समजून आणखी भरले की तो त्या गोड-मऊ आहारात अधिकच खोल जातो. येथे दोनदा तसेच झाले होते.

सलाईन काढल्यावर दोन आठवडे सूज उतरू दिली, आधी पातळ, मग मऊ अन्न दिले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून घन जेवण. या तीन आठवड्यांत वजन १.२ किलोने वाढले. हे होईल असे आधीच लिहून दिले होते, तरी त्यांनी रडवेल्या स्वरात दोनदा फोन केला.

घन जेवण म्हणजे काय, हे नव्याने शिकवावे लागले. ताटाऐवजी चहाची बशी. घास हरभऱ्याएवढा, वीसदा चावलेला, आणि पुढच्या घासापूर्वी मिनिटभर थांबणे. पहिल्यांदा प्रथिने, मग भाजी, भाकर शेवटी. वीस मिनिटांत जे झाले ते जेवण, उरलेले झाकून ठेवायचे. जेवताना पाणी नाही, नंतरही तासभर नाही, कारण पाणी घासाला ढकलून खाली नेते आणि तो दाब निघून जातो. मऊ पोळीचा लगदा होऊन ती अडकते, हे त्यांच्या ध्यानात आलेच होते. तव्यावर कडक केलेली ज्वारीची भाकर मात्र नीट चावली तर सहज जाऊ लागली.

सकाळी दोन अंड्यांची भुर्जी, दुपारी अर्धी वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ आणि थोडे पनीर, शाळेतून आल्यावर मूठभर फुटाणे बारीक चावून, रात्री घट्ट झुणका आणि पाव भाकर, दिवसभरात एक वाटी दही. आठवड्यातून तीनदा सोयाबीनच्या वड्या, ज्या विदर्भात सोयाबीन इतके पिकत असूनही घरोघरी दुर्लक्षित राहतात. याने प्रथिने ५५ ते ६० ग्रॅमवर आली. चहा दोन कपांवर आला, साखर अर्ध्या चमच्यावर. रस पूर्ण बंद केला. संत्रे बंद केले नाही. फोडीवरचे साल सोलून आतला गर खायचा, असे ठरले. एक संत्रे सोलायला दहा मिनिटे लागतात, आणि दुसरे सोलायचा उत्साह सहसा उरत नाही.

सासूबाईंना आम्ही एकदा सोबत बोलावले. त्यांना खीर करू नका असे सांगणे योग्य वाटले नाही. त्याऐवजी मटकीला मोड आणण्याचे आणि झुणका करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. "हे तर सोपं आहे बाई," त्या म्हणाल्या, आणि खीर रविवारपुरती उरली.

चालण्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. गांधीसागर तलावाभोवती सकाळची फेरी, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तेव्हा ती पहाटे साडेपाचला. चालण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठ-बस आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम मला अधिक महत्त्वाचा वाटला, कारण वजन उतरताना स्नायू टिकवणारा तोच असतो.

पुढील वर्ष

एप्रिल २०१५ मध्ये वजन ८५ वर आले. याच महिन्यात दोन तासांतच भूक लागू लागल्याची आणि कुठलाही घास न अडकल्याची नोंद सलग दोन आठवडे वहीत आली. ही पिवळ्याची लक्षणे, म्हणून सर्जननी अर्धा मिलीलीटर भरले. बँड ६.५ वर गेला आणि तिथेच राहिला. जूनअखेर ८२, सप्टेंबरात पुन्हा सणांचा महिना आला तरी ८०.५, आणि मार्च २०१६ मध्ये ७८. रात्रीचा खोकला सलाईन काढल्याच्या पहिल्या आठवड्यातच थांबला होता. जेवण उलटण्याचे प्रसंग वर्षभरात मोजून पाच, त्यातले तीन लग्नाच्या पंगतीत घाईने जेवल्याने झालेले. ग्लिमेपिराइड बंद करूनही एचबीएवनसी ६.३ राहिले. दुसऱ्या बेरियम तपासणीत अन्ननलिकेचे रुंदावलेले टोक पूर्ववत झालेले दिसले.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ हे प्रमाण धरले तर त्यांचे जास्तीचे वजन सुरुवातीला सुमारे ४३ किलो होते. त्यातले २६ उतरले, म्हणजे ६० टक्के. बँडच्या मानाने हा निकाल चांगला आहे.

मार्चनंतर वजन पुन्हा अडले. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने ७८ च्या आगेमागे. जुलैच्या भेटीत आम्ही पुन्हा वही पाहिली. घन जेवण होते, प्रथिने होती, काही अडकत नव्हते, भूक चार तासांनी लागत होती, कंबर आणखी दोन सेंटिमीटरने कमी झाली होती. या वेळी बँडला हात लावायचा नाही असे सर्जननी सांगितले आणि बाईंनीही तसा आग्रह धरला नाही. पुढची बेरियम तपासणी एका वर्षाने ठेवली. निघताना त्यांनी विचारले ते एवढेच, की आंबिया बहाराची संत्री निघाली की दिवसाला दोन चालतील का. सोलून खाल्ली तर चालतील, असे सांगितले.